थॅचरबाईंचा रुमाल आणि पैठणीची शेपटी : ब्रिटिश एअरवेजच्या १९९७ च्या रिब्रँडिंगची पूर्ण केस

ऑक्टोबर १९९७, ब्लॅकपूल. ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचं वार्षिक अधिवेशन चालू आहे, अशा ठिकाणी कंपन्या आपापले स्टॉल लावतात तसा ब्रिटिश एअरवेजनेही लावलाय आणि स्टॉलवर शोभेला त्यांच्या विमानाचं मोठं मॉडेल ठेवलंय, नव्या कोऱ्या रंगातलं. माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर तिथे येतात, मॉडेलच्या शेपटीकडे बघतात, रुमाल काढतात आणि सरळ त्या शेपटीवर गुंडाळून टाकतात. वर स्टॉलवरच्या लोकांना सुनावतात की आपण ब्रिटिश झेंडा घेऊन उडतो, असल्या भयंकर गोष्टी घेऊन नाही. टीव्हीचे कॅमेरे होतेच, दुसऱ्या दिवशी सगळीकडे तोच फोटो.

गंमत बघा, याच बाईंच्या सरकारने १९८७ च्या फेब्रुवारीत ही कंपनी शेअर बाजारात विकली होती. म्हणजे खाजगी कंपनीने स्वतःच्या पैशाने स्वतःच्या विमानाला कुठला रंग द्यावा हे बोलायचा हक्क त्यांनी स्वतःच सोडून दिला होता, तरी पण राग आलाच, आणि तो फक्त त्यांना नव्हता आला.

मी विमानांची डायकास्ट, म्हणजे साच्यात धातू ओतून केलेली छोटी मॉडेल्स जमवतो त्यामुळे मला या प्रसंगात राजकारणाच्या आधी वेगळंच काहीतरी दिसतं. झाकलं गेलं ते मॉडेल. खरं ७४७-४०० म्हणजे जंबो विमान जमिनीपासून शेपटीच्या टोकापर्यंत १९ मीटरच्या वर उंच असतं, रुमाल सोडा, लग्नाच्या मांडवाचं कापड नेलं असतं तरी पुरलं नसतं. ते मॉडेल तिथे ठेवलं कुणी तर कंपनीनेच, कारण ही नवी डिझाइन्स हाताच्या अंतरावरून बघितली की खरंच सुंदर दिसायची. आणि माझ्या मते सगळं प्रकरण याच एका गोष्टीत आहे. बीएने, म्हणजे ब्रिटिश एअरवेजने, शेपट्या जवळून बघायला काढल्या, शेपटीचं काम मात्र लांबून ओळखू येणं हे असतं.

आता मागची गोष्ट, पटकन. बीओएसी आणि बीईए या दोन सरकारी कंपन्या एकत्र करून १९७४ ला ब्रिटिश एअरवेज झाली. पहिली लिव्हरी, म्हणजे विमानाची ठरलेली रंगसंगती, निगस नावाच्या डिझाइन फर्मची, लाल-पांढरा-निळा, शेपटीवर झेंड्याचाच एक तुकडा. मग १९८४ ला लँडोर या अमेरिकन फर्मकडून नवीन करून घेतली, मोतिया राखाडी आणि गडद निळा, शेपटीवर झेंड्याचा चतकोर भाग, त्याच्या वर राजेशाही थाटाचं मानचिन्ह. तेव्हाही कुरकुर झाली होती की आपल्या विमानाचा रंग अमेरिकनांनी का ठरवायचा, पण ती लिव्हरी इतकी रुबाबदार होती की लोक गप्प बसले आणि नंतर प्रेमातच पडले. सहार एअरपोर्टला रात्री उतरणारी ती निळी-राखाडी जंबो ज्यांनी बघितली असतील त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

नव्वदीच्या मध्यापर्यंत बीए जगातल्या सगळ्यात जास्त नफा कमावणाऱ्या एअरलाइन्समध्ये होती आणि 'जगाची आवडती एअरलाइन' ही त्यांची जाहिरात खूप वर्षं चालली होती. १९९६ ला बॉब आयलिंग सीईओ झाले. त्यांच्यासमोरचा आकडा असा की आपले साधारण ६० टक्के प्रवासी ब्रिटनच्या बाहेरचे आहेत. मग त्यांनी विचार केला की गिऱ्हाईक जगभरचं आणि शेपटीवर मात्र एकाच देशाचा झेंडा, तोही ज्या देशाने अर्ध्या जगावर राज्य केलं त्याचा, हे काही बरोबर दिसत नाही, आपण जगाचे नागरिक म्हणून समोर जाऊ. हा विचार मूर्खपणाचा होता असं मला अजिबात वाटत नाही. १९९७ चं ब्रिटन आठवा, मे महिन्यात टोनी ब्लेअर निवडून आलेत, जुलैत हाँगकाँग चीनला परत जायचंय, सगळीकडे नवीन ब्रिटन नवीन ब्रिटन चाललंय. त्या हवेत हा निर्णय एकदम फिट बसत होता.

तर १० जून १९९७ ला नवीन रूप जाहीर झालं. न्यूवेल अँड सॉरेल ही लंडनची डिझाइन फर्म, खर्च ६ कोटी पौंड. विमानाचं अंग सगळीकडे एकच, पांढरं, पोट निळं, नाकाकडे लाल-निळी रिबिन (ती रिबिन आजही आहे, बोर्डिंग पासवर बघा), आणि शेपटी मात्र प्रत्येकाची वेगळी. जगभरातल्या कलाकारांकडून कामं घेतली होती, पन्नासच्या घरात जायचा प्लॅन होता. कलाकार नावाजलेले गॅलरीवालेच असंही नाही, बोत्स्वानातल्या सान समाजाच्या बाईचं प्राण्या-झाडांचं चित्र, दक्षिण आफ्रिकेच्या एनदेबेले जुळ्या बहिणी एमली आणि मार्था मसानाबो यांच्या भिंतीवरच्या नक्षीवरून दोन वेगळ्या शेपट्या, पोलंडच्या कागद कापून केलेल्या कोंबड्यांची एक, डेन्मार्कच्या पेर आर्नोल्डीची पंखांची एक, अॅमस्टरडॅमच्या ह्यूगो कागमन या स्टेन्सिल ग्राफिटीवाल्याची डेल्फ्टच्या निळ्या चिनी मातीसारखी एक, स्कॉटलंडचा टार्टन, जपानचे क्रौंच पक्षी आणि लाटा, हाँगकाँगची सुलेखनाची एक.

आणि भारतातून? पैठणी. हो, आपली पैठणी. मीरा मेहता या वस्त्रकलाकार बाईंचं काम, डिझाइनचं नावही 'पैठणी'च.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी अक्षरशः उडालो होतो. इतक्या देशांमधून भारताच्या वाट्याला एक शेपटी येते आणि तिच्यावर ताजमहाल नाही, हत्ती नाही, मोठ्या राजवाड्याची कमान नाही, तर गोदावरीकाठच्या एका गावाचं नाव असलेलं कापड. आणि इथे मराठी माणसांत याची फारशी चर्चाच नाही, बोलताना काढलं की लोक म्हणतात काहीतरीच काय, ब्रिटिश एअरवेजवर पैठणी कशाला असेल. होती बाबांनो.

पण आता पैठणी म्हणजे काय ते आठवा, कारण या केसचा सगळा गाभाच त्यात आहे. अस्सल पैठणीचा पदर जकार्डवर, म्हणजे आपोआप नक्षी काढणाऱ्या मागावर, निघत नाही, बाण्याचे वेगवेगळ्या रंगाचे धागे विणकर हाताने एकमेकांत अडकवत नेतो म्हणून मागची बाजू जवळपास पुढच्यासारखीच दिसते, लोंबते धागे नाहीत. मोर, मुनिया, आसावलीची वेल, नारळी काठ, हे सगळं बघायला बायका काय करतात? पदर हातात घेतात, उलटा करून बघतात, उजेडाकडे धरतात. येवल्याला दुकानात बसलात तर गिऱ्हाईक साडीपासून एका वितीवर असतं. पलीकडच्या फुटपाथवरून पैठणी बघून तिची किंमत कुणालाच कळत नाही, तिथून ती फक्त एक झगमगीत जांभळी किंवा हिरवी साडी असते. म्हणजे ही मुळातच जवळून बघायची कला आहे, आणि टार्टन, कोंबड्या, सुलेखन यातलं बहुतेक सगळंच थोड्याफार फरकाने तसंच.

आता मॉडेलवाल्यांचा साधा हिशोब सांगतो, तो कुठल्याही ब्रँडिंगवाल्याच्या प्रेझेंटेशनपेक्षा जास्त कामाचा आहे. जमवणाऱ्यांमध्ये सगळ्यात चालणारं स्केल १:४००. त्यात ७४७-४०० साधारण साडेसतरा सेंटिमीटर लांब होतं आणि अंगाच्या वरचा शेपटीचा उभा भाग जेमतेम अडीच सेंटिमीटर. हे मॉडेल तुम्ही डोळ्यांपासून ३० सेंटिमीटरवर धरलंत तर खरं विमान १२० मीटरवरून बघितल्यासारखं झालं. एवढ्या जवळून खरी जंबो बघणारे कोण, तर ग्राउंड स्टाफ आणि गेटच्या काचेला नाक लावून बसलेली पोरं. बाकी जग विमान बघतं ते एक-दोन किलोमीटरवरून. म्हणजे खरी टेस्ट करायची तर तेच मॉडेल हॉलच्या दुसऱ्या टोकाला, ५ मीटरवर ठेवायचं, ते झाले बरोबर २ किलोमीटर. करून बघा एकदा. लँडोरची जुनी शेपटी ५ मीटरवरूनही बीएची आहे हे कळतं. युनियन जॅक, म्हणजे ब्रिटनचा झेंडा, तर कळतोच कळतो. डेल्फ्टची निळी-पांढरी थोडीफार लक्षात येते. बाकीच्यांचं काय होतं? काहीतरी रंगीबेरंगी आहे एवढंच कळतं, कुणाचं आहे ते नाही कळत. आणि तेही एकच शेपटी बघताना, खऱ्या एअरपोर्टवर तर एकाच कंपनीच्या दहा वेगळ्या शेपट्या एका रांगेत उभ्या.

याचा त्रास सौंदर्यदृष्टीवाल्यांपेक्षा आधी हीथ्रोच्या ग्राउंड कंट्रोलला झाला. तिथे टॅक्सीवेवर पायलटला असं सांगायची पद्धत की पुढून ती स्पीडबर्ड ७५७ जाऊ दे, मग तू तिच्या मागून ये. स्पीडबर्ड हा बीएचा रेडिओवरचा कॉलसाइन, इम्पीरियल एअरवेजच्या काळातल्या पक्ष्याच्या चिन्हावरून आलेला. आता बाहेरच्या देशातून आलेला पायलट खिडकीतून बघतोय तर समोर एक कोंबड्यांची शेपटी, एक प्राण्यांची, एक चिनी अक्षरांची, यातली ब्रिटिश एअरवेजची कुठली हे त्याने कसं ओळखायचं? सगळ्याच, हे उत्तर. कंट्रोलर्सनी तक्रारी केल्या. एअरपोर्टवर विमान ओळखता येणं ही काही हौसेची गोष्ट नाही, कामाची गोष्ट आहे.

दुसरा एक मुद्दा मेंटेनन्सचा, ज्याचा कुणी विचार केला होता की नाही देव जाणे. शेपटीचा मागचा हलणारा भाग म्हणजे रडर, तो वेगळा सुटा पार्ट असतो, दुरुस्तीसाठी काढतात, दुसरा बसवतात. सगळ्या विमानांना एकच डिझाइन असेल तर कुठलाही रडर कुठल्याही विमानाला लावा, काही फरक पडत नाही. पण प्रत्येक शेपटीचं चित्र वेगळं असलं की रडर बदलला की चित्र मधेच तुटलं, मग परत रंगकाम. ठरलेल्या लिव्हरीत पेंट शॉपवाल्याचा हात बसलेला असतो, इथे दर विमानाला नवीन स्टेन्सिल, नवीन रंगांचा मेळ.

आणि नेमकं हेच मॉडेल बनवणाऱ्यांसाठी उलटं होतं! डायकास्टमध्ये खरा खर्च असतो मोल्डचा, म्हणजे ज्या साच्यात धातू ओतून विमान निघतं तो. एकदा ७४७-४०० चा साचा तयार झाला, बीएचं पांढरं-निळं अंग छापायच्या प्लेट्स तयार झाल्या, की पुढे फक्त शेपटीची छपाई बदलायची आणि नवीन बॉक्स विकायचा. जमवणारा माणूस कसा असतो ते तुम्हाला माहितीच आहे, एक घेतलं की सेट पूर्ण झाल्याशिवाय झोप नाही. जर्मनीच्या हेर्पाने १:५०० मध्ये या शेपट्यांची कितीतरी मॉडेल्स काढली, आणि योगायोग असा की १:४०० स्केलचा बाजारही याच काळात फुगला, जेमिनी जेट्स ही मॉडेल कंपनी तर १९९८ ला सुरू झाली. त्यात एकच चित्र दोन-तीन प्रकारच्या विमानांवर असायचं, त्यामुळे सेट कधी संपायचाच नाही. एअरलाइनचा खर्च वाढवणारी प्रत्येक गोष्ट मॉडेल कंपनीचा गल्ला भरत होती, इतकी सोयीची लिव्हरी जमवणाऱ्यांना ना आधी मिळाली ना नंतर.

परत लंडनला. शेपट्या जाहीर झाल्या जूनमध्ये आणि जुलै १९९७ ला केबिन क्रूचा संप झाला, पगार आणि कामाच्या अटींवरून. अधिकृतपणे संपावर गेलेले थोडेच, पण त्याच दिवसांत आजारी पडल्याचं कळवणारे त्याच्या कितीतरी पट, कारण मॅनेजमेंटने संपकऱ्यांवर कारवाई करायची धमकी दिली होती. या संपाचा फटका रिब्रँडिंगच्या खर्चापेक्षा मोठा बसला. आता तुम्हीच सांगा, खर्च कमी करा म्हणून एअर होस्टेसच्या मागे लागलेली कंपनी त्याच उन्हाळ्यात शेपट्या रंगवायला ६ कोटी पौंड काढते, हे त्या क्रूला कसं वाटलं असेल? माझ्या मते थॅचरबाईंच्या रुमालाला जेवढं महत्त्व दिलं जातं त्याच्या अर्धं जरी या संपाला दिलं असतं तरी केस नीट समजली असती. कुठलीही लिव्हरी शेवटी कामगार पोचवतात, गेटवर उभी असलेली बाई मनापासून हसली तर शेपटीवर कोंबडी असली काय आणि सिंह असला काय, आणि ती चिडलेली असेल तर पन्नास कलाकार आणूनही काही होत नाही.

बरं, परदेशी गिऱ्हाइकांचं काय, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप? इथे आयलिंगसाहेबांचा हिशोब चुकला असं मला वाटतं. मुंबईचा व्यापारी किंवा न्यूयॉर्कचा बँकर बीएचं तिकीट काढायचा ते ती ब्रिटिश आहे म्हणूनच काढायचा. वेळेवर, थोडीशी आखडू, चहा नीट देणारी, इंग्रजी बोलणारी, असं काहीतरी त्याच्या डोक्यात असायचं. आपल्याकडच्या जुन्या पिढीला तर ब्रिटिशांचा राग कितीही असला तरी ब्रिटिश वस्तूवर विश्वास होताच की. अशा माणसाला तुम्ही म्हणालात की आम्ही आता फारसे ब्रिटिश नाही, तुमच्यासारखेच आहोत, तर तो म्हणणार की मग माझी एअर इंडिया काय वाईट आहे. शिवाय पैठणीवालं विमान मुंबईलाच येईल असंही काही नव्हतं, विमानं रोटेशनवर कुठेही जातात, त्यामुळे भारतीय माणसाला भारतीय शेपटी दिसणं हा निव्वळ नशिबाचा भाग.

ही पोकळी रिचर्ड ब्रॅन्सनने बरोबर हेरली. १९९९ ला व्हर्जिन अटलांटिकने आपल्या विमानांवर युनियन जॅक चढवला, नाकावरच्या त्या उडणाऱ्या बाईच्या हातातही झेंडा दिला आणि ब्रिटनची झेंडेवाली एअरलाइन आता आम्हीच असा गाजावाजा केला. टाकून दिलेली वस्तू शेजाऱ्याने उचलून दारात लावावी असा प्रकार. चिडवण्यात हा माणूस पहिल्यापासून पटाईत.

त्याच वर्षी जूनमध्ये आयलिंगनी माघार घेतली, अर्धी. तोपर्यंत अर्ध्याच्या आसपास फ्लीट रंगवून झाली होती. ठरलं असं की उरलेल्या अर्ध्या विमानांवर झेंडा येईल. कुठला झेंडा? तर कॉन्कॉर्डवरचा. म्हणजे बघा, १९९७ पासून बीएच्या कॉन्कॉर्डवर या कलाकारांची कामं कधी चढवलीच नव्हती, तिच्यासाठी फडफडणाऱ्या युनियन जॅकचं वेगळं डिझाइन होतं, चॅटम डॉकयार्डच्या नावाचं, जिथे नौदलाचे झेंडे शिवायचे. स्वतःच्या सगळ्यात महागड्या, सगळ्यात प्रतिष्ठेच्या विमानाला कंपनीने पहिल्या दिवसापासून झेंडाच दिला होता! मला वाटतं या अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात बोलका पुरावा हाच आहे. मनातून त्यांनाही माहीत होतं की जिथे चूक परवडणार नाही तिथे काय लावायचं.

मार्च २००० मध्ये आयलिंग गेले. १९९९-२००० चं वर्ष कंपनीने तोट्यात संपवलं, खाजगीकरणानंतरचा पहिला तोटा. तो शेपट्यांमुळे झाला असं कुणी म्हणत असेल तर ते चुकीचं आहे, अटलांटिकवरची स्पर्धा, आशियातली मंदी, तेल, महाग पौंड, बरंच काही होतं. पण नफा असता तर शेपट्या टिकल्या असत्या हे मात्र नक्की. वाईट दिवसांत लोकांना बोट दाखवायला काहीतरी लागतं आणि शेपटीपेक्षा सोपं काय सापडणार, सगळ्यात उंच तीच असते. मग त्यांच्या जागी रॉड एडिंग्टन आले, ते ऑस्ट्रेलियन, आणि मे २००१ ला त्यांनी जाहीर केलं की आता सगळ्याच विमानांवर चॅटमचा झेंडा. ब्रिटिश माणसाने काढलेला झेंडा ऑस्ट्रेलियन माणसाने परत लावला. जुन्या शेपट्या एकदम नाही गेल्या, प्रत्येक विमानाची रंगकामाची वेळ येईल तशा जात राहिल्या, त्यात काही वर्षं गेली.

पुढचा भाग जमवणाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा. २०१९ ला बीएने शंभरी साजरी केली (१९१९ ची लंडन-पॅरिस सेवा धरून) आणि चार विमानांना जुने रंग दिले. बीओएसी, बीईए, निगस, लँडोर. लोकांनी हीथ्रोच्या कुंपणाला गर्दी केली, मॉडेल कंपन्यांनी लगेच मॉडेल्स काढली. पाचवं विमान नाही. १९९७ ची एकही शेपटी नाही. शंभर वर्षांच्या इतिहासातली सगळ्यात गाजलेली लिव्हरी अल्बममधून काढलेल्या फोटोसारखी गायब. मला हे पटलं नाही. निदान एक तरी रंगवायला हवं होतं, बावीस वर्षांनी लोकांनी हसून टाळ्याच वाजवल्या असत्या. मग कोविड आला, जुलै २०२० मध्ये बीएने जंबो कायमच्या बंद केल्याचं सांगितलं, ऑक्टोबरमध्ये हीथ्रोवरून शेवटच्या दोन निघाल्या. जुन्या रंगांतल्या तीन जंबो जपून ठेवायचं ठरलं, निगसवालीत तर इंग्लंडमधल्या केम्बलला पार्ट्या होतात. शेपट्यांच्या काळातली चित्रं मात्र आता फक्त फोटोंमध्ये आणि मॉडेल्समध्ये उरलीत. म्हणजे ज्या वस्तूवर बाईंनी रुमाल टाकला तीच वस्तू आज त्या सगळ्या कलाकारांचं म्युझियम आहे.

आता कुणी म्हणेल की शेपटीवर वेगवेगळी चित्रं हा प्रकारच चुकीचा. नाही हो. अमेरिकेची फ्रंटियर १९९४ पासून प्रत्येक शेपटीवर वेगळा प्राणी लावते, अस्वल, कोल्हा, घुबड, आणि मजेत चाललंय, कारण नियम एकच आहे, प्राण्याचा मोठा फोटो, लांबून कळणारा. ही प्राण्यांवाली एअरलाइन, संपलं. आणि आपल्याकडचं उदाहरण तर अजून भारी. ऑक्टोबर २०२३ ला एअर इंडिया एक्स्प्रेसने नवीन रूप आणलं, केशरी आणि फिरोजी, आणि पहिल्या ७३७ च्या शेपटीवर बांधणी. पुढच्या विमानांसाठी अजरख, पटोला, कांजीवरम, कलमकारी अशी नावं सांगितली. वाचल्यावर मला पहिली आठवण बीएचीच आली, तीच आयडिया, सव्वीस वर्षांनी, कापडासकट! पण विरोध कुठे झाला? कुठेच नाही.

का नाही झाला यावर माझं उत्तर असं. बांधणी बघून गुजरातचा माणूस खूश होतो आणि मराठी माणूस म्हणतो आमची पैठणी कधी, भांडण असलं तरी ते घरातलं, कुणाचं काही काढून घेतल्याचं नाही. बीएने लोकांना आधी सांगितलं की तुमचा झेंडा जातोय, आणि मग त्याच्या जागी काय येतंय ते दाखवलं. दुसरं म्हणजे एअर इंडियाने मोठ्या कंपनीची शेपटी एकच ठेवली, ऑगस्ट २०२३ ची ती झरोक्यावरून घेतलेली, आणि खेळ फक्त स्वस्त तिकिटाच्या धाकट्या कंपनीत केला. धाकट्याने रंगीत शर्ट घातला तर चालतो. बीएकडेही १९९८ पासून 'गो' नावाची स्वस्तातली धाकटी कंपनी होती, हे सगळे कलाकार तिच्या शेपट्यांवर आले असते तर कदाचित आजही उडत असते. हा माझा अंदाज, वाद घालायला मोकळे आहात.

शेवटी जमवणाऱ्यांसाठी. या काळातली मॉडेल्स आता फक्त सेकंडहँड मिळतात आणि घेताना तीन-चार गोष्टी बघाच. एक, रजिस्ट्रेशन, म्हणजे मागच्या बाजूला छापलेली, इंग्रजी 'G' ने सुरू होणारी अक्षरं, ते विमान खरंच त्या शेपटीने उडालं होतं का हे जुन्या फोटोंशी ताडून बघा, कारण साध्या बीए मॉडेलवर घरी शेपटीचं डीकल, म्हणजे पातळ स्टिकर, चिकटवून विकणारे आहेत. दोन, शेपटीच्या दोन्ही बाजू मागवा फोटोत, छपाईत आणि डीकलमध्ये फरक कडेला दिसतो, डीकलची कड उजेडात तिरकं धरलं की चमकते. तीन, पांढरं अंग पिवळं पडलंय का, उन्हात ठेवलेल्या शोकेसमधली मॉडेल्स हमखास पडतात. चार, त्या काळातल्या मोल्डमध्ये चाकं जाडजूड आणि अँटेना नाहीत, त्यामुळे नव्या मॉडेलसारखी सफाई शोधत बसू नका, उलट फार सफाई असेल तर विचारा हे कधीचं आहे. आणि पैठणीवालं सापडलं तर किंमत ऐकून लगेच नाही म्हणू नका, आधी मला कळवा.